लाकूड की पत्रा हे नंतर, आधी पाणी आणि वारा बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की घरामागच्या मोकळ्या जागेत 6 बाय 8 फुटांची सामान ठेवायची शेड स्वतःच्या हाताने बांधायचीये, आधी असलं काही केलेलं नाहीये, लाकडाची करावी की पत्र्याची ते ठरत नाहीये, आणि शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत होईल का. मी लहान शेड, गाडीसाठीची छपरं असली कामं बरीच वर्षं करतोय, आणि नवीन कामांइतकीच लोकांनी आधी बांधलेल्या शेड दुरुस्त करायची कामं येतात, त्यामुळे कुठे काय बिघडतं ते रोजच बघायला मिळतं. म्हणून जरा लांबण लावतो.

लाकूड की पत्रा हे सगळेच पहिलं विचारतात, माझ्या मते ते शेवटी ठरवायचं. दुरुस्तीला आलेल्या शेडची भिंत मधोमध खराब झालीय असं क्वचित दिसतं. खराब होतं ते खालचं वीतभर, जिथे भिंत जमिनीला टेकते, आणि वरचं वीतभर, जिथे छप्पर भिंतीला मिळतं. खाली पाणी साचून लाकूड कुजतं नाहीतर लोखंड गंजतं, वर वाऱ्याने स्क्रू सैल होऊन पाणी आत शिरतं. ही दोन ठिकाणं नीट केली तर साध्या पत्र्याची शेडही वर्षानुवर्षं उभी राहते, आणि ती बिघडवली तर सागवान लावलं तरी वाचत नाही. तेव्हा तुमचा खरा प्रश्न असा आहे की पाणी शेडच्या खाली थांबू नये आणि वाऱ्याने शेड उचलू नये यासाठी काय करायचं. बाकी आवडीनिवडीचा भाग.

आता काही गोष्टी मी इथे बसून सांगू शकत नाही. तुमची माती कसली आहे, जागेला उतार किती आणि कुठल्या बाजूला, वारा-पाऊस कुठून येतो, आणि तुमच्याकडे असल्या बांधकामाला परवानगी लागते का. शेवटचं आधी विचारून घ्या. काही ठिकाणी इतक्या लहान शेडला कोणी विचारत नाही, काही ठिकाणी हद्दीपासून ठरावीक अंतर सोडावंच लागतं, आणि पक्का पाया घातला की नियम बदलतात असंही असतं. बांधून झाल्यावर हलवायला लागण्यापेक्षा आधी एक चक्कर मारलेली बरी. आणि ड्रेनेजची लाईन, सेप्टिक टाकीचं झाकण, जमिनीतली केबल किंवा पाण्याचा पाईप यांच्यावर शेड घेऊ नका, ज्या दिवशी ते उघडायला लागेल त्या दिवशी शेड आडवी येईल.

जागा निवडताना एक मोठा पाऊस होऊ द्या आणि नंतर बाहेर जाऊन बघा पाणी कुठे थांबतंय. लोक नेमका जो कोपरा कशालाच उपयोगी नाही तो शेडला देतात, आणि तो उपयोगी नसतो कारण तिथेच पाणी साचतं. दुसरं म्हणजे कंपाउंडच्या भिंतीला चिकटवू नका, माणूस आडवा होऊन आत जाऊ शकेल इतकं, निदान दोन-अडीच फूट अंतर ठेवा. तेवढ्या जागेत उद्या रंग मारता येतो, पाला काढता येतो, आणि तुमच्या छपराचं पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर पडत नाही. हे पाणी किती असतं याचा अंदाज बहुतेकांना नसतो. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. तुमच्या शेडचं छप्पर वळचणी धरून साधारण साडेसहा चौरस मीटर भरेल, म्हणजे 50 मिमी पाऊस झाला की सव्वातीनशे लिटर पाणी एकाच बाजूला, एकाच रेषेत पडणार. ते कुठे जाणार हे खड्डा खणायच्या आधी ठरलेलं पाहिजे. पन्हाळ लावून पिंपात घ्या नाहीतर खाली खडीची चर काढून लांब न्या, पण पायाशी सोडू नका.

त्याच्याही आधी एक काम, ज्याला लोक हसतात. जे सामान आत ठेवायचंय ते सगळं अंगणात मांडा, सायकल, शिडी, कुदळ-फावडी, ढकलगाडी, जे असेल ते, आणि त्याच्याभोवती दोरी टाका. 6 बाय 8 म्हणजे 48 चौरस फूट ऐकायला बरं वाटतं, पण आत शिरून वस्तू काढायला अडीच फुटाची वाट सोडली की 20 चौरस फूट त्यातच गेले. बऱ्याच जणांना दोरी टाकल्यावर कळतं की 8 बाय 8 लागणार आहे, किंवा उलट, निम्मं सामान भंगारात द्यायच्या लायकीचं आहे. माप 4 च्या पटीत ठेवता आलं तर प्लाय कमी वाया जातो कारण तो सहसा 8 बाय 4 मध्ये मिळतो. पण तुमचं 6 बाय 8 मी बदलायला सांगणार नाही, त्याला एक गंमतशीर फायदा आहे, त्याचा कर्ण बरोब्बर 10 फूट येतो. चार खुंट्या ठोकल्या, दोरी बांधली, दोन्ही कर्ण टेपने 10-10 फूट आले की चारही कोपरे काटकोनात. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून खात्री करा, पण भरवसा कर्णावर ठेवा, कारण गुण्या लहान असतो आणि त्याच्यावरची केसभर चूक 8 फुटांवर बोटभर होते.

आता पाया. माझा सल्ला तुमच्यासाठी काँक्रीटचा कोबाच आहे, 4 इंच जाडीचा, आणि चारही कोपऱ्यांत फूटभर लांब-रुंद, दीड फूट खोल खड्डे घेऊन ते कोब्यासोबतच ओतायचे. वरची माती, गवत, मुळं सगळं काढा, मुरूम किंवा खडी टाकून थर नीट धुम्मस करा, आणि धुम्मस करताना एकदम फूटभर भरून वरून ठोकू नका, चार-पाच इंचांचे थर घ्या. त्याच्यावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरा. हा कागद लोक सोडतात आणि मग विचारतात की छप्पर गळत नाही तरी खोकी खालून ओली का. काँक्रीट दिसायला घट्ट असतं पण जमिनीतली ओल वर ओढतं, कागद ती अडवतो.

1:2:4 च्या मिश्रणाने, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी, या कामाला 50 किलोच्या साधारण चार बॅगा लागतील, वाळू दहा-एक घनफूट आणि खडी वीस. थोडं जास्तच आणा. पाणी बेताने, हात चालवायला सोपं पडतं म्हणून पातळ केलेलं काँक्रीट नंतर भुसभुशीत होतं. ओतल्यावर निदान 7 दिवस पाणी मारा, ओली गोणपाटं टाकून ठेवली तर उत्तम. कोबा बाजूच्या जमिनीपेक्षा 6 इंच वर आला पाहिजे, आणि दाराच्या बाजूला अगदी किंचित उतार द्या.

आणि इथे एक बारीक गोष्ट आहे जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कोबा शेडपेक्षा मोठा करू नका. "चहूबाजूंनी फूटभर ओटा सोडू, छान दिसेल" असं सगळ्यांना वाटतं, पण भिंतीवरून ओघळलेलं पाणी त्या ओट्यावर पडतं आणि तिथून सरळ भिंतीखालून आत येतं, मग कितीही सिलिकॉन भरा. कोबा शेडच्या सांगाड्याच्या बाहेरच्या मापाचाच करायचा आणि भिंतीचा पत्रा कोब्याच्या कडेवरून इंचभर खाली उतरवायचा, म्हणजे पाणी बाहेरच्या बाहेर जमिनीवर पडतं. ओटा हवाच असेल तर नंतर वेगळा करा, दोन-तीन इंच खाली. मी पाणी शिरणाऱ्या जेवढ्या शेड बघितल्यात त्यात हीच भानगड सगळ्यात जास्त, छपराची गळती त्याच्या मागून येते.

तुमची माती काळी, भेगा पडणारी असेल तर हे सगळं थोडं बदलतं. ती माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते, आणि तिच्यावरचा पातळ कोबा वर-खाली होऊन तडकतो. मग फूट-दीड फूट माती काढून मुरूम भरा, किंवा कोब्याचा नाद सोडून ब्लॉकवर उचललेली लाकडी किंवा लोखंडी चौकट करा, जी हलली तरी पाचर घालून परत लेव्हलला आणता येते. लाकूड वापरलं तर ते जमिनीपासून निदान 6-8 इंच वर राहू द्या आणि खालून हवा खेळू द्या, ओल आणि वाळवी दोन्ही तिथूनच चढतात. जागा भाड्याची असेल किंवा पुढे तिथे काही वेगळं करायचं असेल तरी हाच ब्लॉकचा मार्ग बरा, फक्त मग वाऱ्याची जास्त काळजी घ्यायची.

वारा हा विषय लोक हसण्यावारी नेतात. शेड म्हटलं की "पडेल का" असा विचार होतो, हलकी शेड पडत नाही, उडते. छपरावरून जोरात जाणारा वारा पत्र्याला वर खेचतो, आणि दार उघडं राहिलं तर आत घुसलेला वारा खालून ढकलतो, दोन्ही एकाच दिशेला. हिशोब बघा, ताशी 100 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला जवळपास 47 किलो होतो, तुमच्या साडेसहा चौरस मीटरच्या छपरावर तो तीनशे किलोच्या आसपास जातो, आणि कडांना व कोपऱ्यांना खेच त्याहून जास्त. पत्र्याची सगळी शेड सांगाड्यासकट अडीचशे किलो भरली तरी खूप. म्हणजे नुसती ठेवलेली शेड वजनाने टिकत नाही, आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. पण तुमचा कोबा कोपऱ्यांच्या खड्ड्यांसकट दीड टनाच्या घरात भरतो, तेवढं वजन शेडला नीट बांधलं की प्रश्न मिटला. अट एकच, साखळी कुठे तुटता कामा नये. पत्रा पर्लिनला (म्हणजे छपराखालच्या आडव्या पट्टीला), पर्लिन वरच्या चौकटीला, चौकट खांबाला, खांब पायाला. लोक वर स्क्रूंची रांग लावतात आणि खाली खांब दोन बारक्या फास्टनरवर उभे करतात, मग छप्पर शाबूत राहतं आणि पूर्ण शेडच उचलली जाते.

पायाला बांधायचं ते काँक्रीट ओतताना कोपऱ्याच्या खड्ड्यात वाकवलेले बोल्ट सोडून. नंतर ड्रिल मारून अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट) ठोकता येतात, पण ते कोब्याच्या कडेच्या फार जवळ आले तर आवळताना कडच फुटते, आणि आपण कोबा शेडच्या मापाचा केल्यामुळे कड जवळच असते. म्हणून ओतीव बोल्टच बरे. बोल्टांची जागा चुकू नये म्हणून बेस प्लेटच्याच (खांबाच्या बुडाशी असलेल्या भोकांच्या लोखंडी पट्टीच्या) मापाची भोकं पाडलेली एक फळी आधी करून ठेवा आणि बोल्ट त्या फळीत अडकवूनच काँक्रीट ओता.

सांगाड्याला, वेल्डिंग येत असेल किंवा जवळपास फॅब्रिकेटर असेल तर 40 बाय 40 ची 2 मिमी जाडीची चौकोनी पाईप पुरते. येत नसेल तर लाकूडच घ्या, स्क्रू आणि करवत एवढ्यावर काम होतं, चुकलं तर काढून परत लावता येतं, नवशिक्याला लाकूड क्षमा करतं. लाकूड की पत्रा या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर खरं तर इथे आहे, हाताला काय येतंय त्यावर सांगाडा ठरवा आणि बाहेरून दोन्हींवर पत्राच लावा. लोखंडी पाईपांची तोंडं मात्र बंद करा, उघड्या पाईपमध्ये पाणी जाऊन ती आतून गंजते आणि बाहेरून रंग शाबूत दिसत राहतो. काहीही घेतलं तरी प्रत्येक भिंतीत एक तिरका आडणा द्या. चौकोन कितीही भक्कम जोडला तरी तिरपा होऊ शकतो, त्रिकोण होत नाही. काही महिन्यांनी दार अडकायला लागलं की लोक दाराची कड तासत बसतात, दार बिचारं सरळ असतं, चौकट तिरकी झालेली असते.

छपराला एकाच बाजूचा उतार ठेवा, 6 फुटांच्या बाजूने, वरच्या बाजूला साडेसात फूट आणि खालच्या बाजूला साडेसहा. यात 8 फुटी पत्रा अखंड बसतो, पुढे-मागे वळचणही निघते आणि उताराच्या दिशेला जोड येत नाही, जो जोडच नाही तो गळणार कुठून. बाजूच्या जोडाला दीड ते दोन नळ्या एकमेकांवर घ्या आणि पावसाचा वारा ज्या बाजूने येतो त्याच्या विरुद्ध तोंडाने जोड ठेवा. गोल नळीच्या पत्र्यावर स्क्रू उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात नाही, कारण पाणी खोलगट भागातून वाहतं. रबरी वायसर दबलं की थांबा, फार आवळलं की वायसर फाटतं आणि कमी आवळलं की पाणी जातं, हे दोन-चार स्क्रूंनंतर हाताला कळतं. पत्रा ग्राइंडरने कापू नका, त्याच्या ठिणग्या पत्र्यावर चिकटतात आणि पुढच्या पावसात तिथे तिथे गंजाचे ठिपके दिसतात, पत्र्याची कात्री वापरा. ड्रिलचा भुगाही त्याच दिवशी झाडून टाका.

छप्पर झाल्यावर काही जणांची तक्रार असते की सकाळी आतून पाणी टपकतं, पाऊस नसताना. ते गळणं नाही. रात्री पत्रा गार होतो, आतली दमट हवा त्याला लागते आणि दव धरतं. उपाय म्हणजे हवा, एका भिंतीत खाली आणि समोरच्या भिंतीत वर अशी दोन झरोक्यांची जागा सोडा, दोन्हीला बारीक जाळी लावा म्हणजे उंदीर येत नाहीत. नवीन कोबा पहिले काही आठवडे स्वतःच ओल सोडत असतो, तोपर्यंत पुठ्ठ्याची खोकी जमिनीवर ठेवू नका.

दार छपराच्या उंच बाजूला घ्या म्हणजे डोक्यावर धार पडत नाही. रुंदी निदान साडेतीन फूट, चार मिळाली तर बघा, आणि बाहेर उघडणारं, नाहीतर आतली जागा दारालाच जाते. लाकडी फळ्यांचं दार करत असाल तर मागचा तिरका आडणा खालच्या बिजागरीकडून वर कडीच्या बाजूला गेला पाहिजे, उलटा लावला तर दार महिनाभरात लोंबतं. बिजागरीचे स्क्रू बाहेरून खोलता येत नाहीत ना तेही बघा, कुलूप भारी आणि बिजागरी बाहेर असा प्रकार बराच दिसतो.

रंगाबद्दल एवढंच की लोखंडाला आधी रेड ऑक्साईड, म्हणजे गंज रोखणारा तांबडा प्रायमर, दोन हात, आणि वेल्डिंगच्या जागा घासून मगच. वीज घ्यायची तर ते काम वायरमनला द्या, केबल पाईपमधून जमिनीखालून आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. पेट्रोल, थिनर आत ठेवणार असाल तर थोडकं, घट्ट झाकणात, आणि ज्याच्यातून ठिणगी उडू शकते किंवा चार्जिंगला लावावं लागतं त्याच्यापासून लांब. क्लोरीनची पावडर आणि ॲसिड एका फळीवर कधीही नको, दोन्ही मिसळली तर विषारी वायू होतो.

राहिला दोन दिवसांचा प्रश्न. दोन दिवसांत उभी राहते ती फक्त सांगाडा आणि पत्र्यांची शेड, तीसुद्धा एक मदतनीस असेल तर, पत्रा एकट्याने उचलून वारा असताना लावायच्या भानगडीत पडू नका. एका सुट्टीत आखणी, खोदाई आणि धुम्मस करा, दुसऱ्या सुट्टीला कोबा ओता. त्यानंतर आठवडाभर नुसतं पाणी मारायचं, आणि त्याच दिवसांत संध्याकाळी सांगाड्याचं लाकूड किंवा पाईप मापाने कापून रंगवून ठेवायचे. मग तिसऱ्या सुट्टीला सांगाडा आणि छप्पर, चौथ्या सुट्टीला भिंती, दार. छप्पर भिंतींच्या आधी घ्या, मध्येच पाऊस आला तर निदान खाली उभं राहून काम चालू ठेवता येतं, पण ज्या दिवशी छप्पर लावाल त्याच दिवशी सगळे स्क्रू मारून मोकळे व्हा, चार स्क्रूंवर "उद्या बघू" म्हणून सोडलेला पत्रा रात्रीच्या वाऱ्यात कोणाच्या तरी अंगणात सापडतो.

माती कसली आहे आणि जागेला उतार कुठल्या बाजूला आहे तेवढं कळवा, शक्य झालं तर पावसानंतरचा एक फोटो टाका, मग कोब्याची उंची आणि पन्हाळ कुठल्या बाजूला घ्यायची ते नक्की सांगतो.